टिकण्याचा खर्च

दिवाळी सरली की कुंडलच्या हवेला गोडसर वास सुटतो. क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड कारखान्याचा बॉयलर पेटलेला असतो, रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॉल्या नंबराची वाट बघत उभ्या असतात आणि गावातलं निम्मं बोलणं ऊसतोडीच्या पाळीवर येऊन थांबतं. साखर हे इथलं पीक आहे, पगार आहे, मुलीचं लग्न आहे. अशा गावात एखाद्या घरी कॅन्सर निघाला, तर घरात पहिली बंद होते ती साखरच.

गेल्या हंगामात अशाच एका घरी मी भेटायला गेलो होतो. काकूंना अंडाशयाचा कॅन्सर. पहिली केमो चांगली लागू पडली होती, तपासणीत सगळं साफ दिसलं होतं, घरानं देवाला नारळ फोडला होता. वर्ष भरायच्या आत गाठी परत आल्या आणि या खेपेला तीच औषधं लागेनात. मुलगा मला म्हणाला, "सर, वर्षभर आम्ही आईच्या तोंडाला साखरेचा कण लागू दिला नाही. डॉक्टर म्हणतात, पेशींना औषधाची सवय झाली. सवय झाली म्हणजे आत नेमकं झालं काय? आणि साखर तोडूनसुद्धा त्या जगल्या कशावर?"

त्याला हे दोन प्रश्न वाटत होते. खरं तर तो एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही एका वाक्यात मावतं. विषारी औषधासमोर टिकून राहणं पेशीला फुकट पडत नाही; त्याला खर्च येतो, आणि तो खर्च भागवण्याची सोय तिच्या चयापचयात असते. वाक्य लहान आहे, पण पटायला वेळ लागतो. म्हणून ते सावकाश उलगडू.

आधी नाणं ओळखून घेऊ. पेशीत काहीही करायचं झालं, प्रथिन बांधायचं, पडद्यातून काही आतबाहेर न्यायचं, तुटलेलं सांधायचं, तर त्याची किंमत बहुतेक वेळा एकाच चलनात मोजली जाते. त्या रेणूचं नाव एटीपी. १९२९ साली तो ज्यांनी शोधला त्यांत हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करणारे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही तो सापडला. पुढे अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत सुब्बारावांच्याच चमूनं फॉलिक आम्लाची नक्कल करणारे रेणू बनवले. त्यांतलं ॲमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिलं, आणि १९४८ साली जगाला कळलं की हा आजार औषधानं मागे हटू शकतो. त्याचाच भाऊबंद असलेलं मेथोट्रेक्सेट आजही रोज वापरलं जातं. पेशीचं चलन आणि पेशीला मारणारं औषध, दोन्हींना एकाच माणसाचा हात लागला होता. मात्र फार्बर यांच्या मुलांमधला हटलेला आजार काही महिन्यांतच परतला. केमोचा इतिहास जेवढा जुना, तेवढाच तिला न जुमानण्याचाही.

आता हे चलन कॅन्सरची पेशी मिळवते कसं, ते पाहू. हे कुंडलच्या माणसाला शहरातल्या माणसापेक्षा लवकर समजेल, कारण त्यानं मळी पाहिलेली असते. मळी पाण्यानं पातळ करून तिच्यात यीस्ट सोडलं की ते साखर खातं आणि अल्कोहोल बाहेर टाकतं. शाळेत आपण शिकलो की हवा नसली की आंबवणं होतं. पण पावाचं यीस्ट वाढवणाऱ्या कारखान्यात वेगळाच अनुभव येतो. टाकीत कितीही हवा सोडा. मळी एकदम ओतली, तर यीस्ट स्वतः वाढण्याऐवजी बरीचशी साखर अल्कोहोलमध्येच घालवतं. म्हणून तिथे मळी बेताबेतानं सोडतात. म्हणजे हवा असतानाही, साखर मुबलक असली की जिवंत पेशी आंबवण्याची वाट धरू शकते.

१९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग यांनी उंदरांच्या गाठींच्या पातळ कापांवर हेच पाहिलं. प्राणवायू हजर असताना त्या पेशी भराभर ग्लुकोज ओढत होत्या आणि त्यातलं बरंचसं लॅक्टिक आम्ल करून टाकून देत होत्या. ग्लुकोजचा एक रेणू मायटोकॉन्ड्रियात नेऊन पुरता जाळला, तर सुमारे ३० एटीपी मिळतात. आंबवण्याच्या वाटेनं फक्त २. वारबुर्ग यांना वाटलं, या पेशींची भट्टीच मोडलेली असणार. पुढे कळलं की बहुतेक कॅन्सरमध्ये भट्टी शाबूत असते. पेशी ती बंद करत नाही; जोडीला दुसरी वाट मोठी करते. ही ग्लुकोजची हाव इतकी ठळक असते की पेट स्कॅन तिच्यावरच चालतो. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज टोचतात, आणि जिथे ते जास्त साठतं ती जागा पडद्यावर उजळते.

तीसच्या जागी दोन घेणं हा उधळेपणा वाटतो. पण साखर कारखाना आठवा. गव्हाणीत पडलेल्या उसाची सगळी साखर होत नाही. चिपाड बॉयलरला जातं आणि त्यावर वीज होते, मळी डिस्टिलरीला, प्रेसमड खताला. कारखाना तगतो तो या वाटांवर. कॅन्सरच्या पेशीला ग्लुकोज हवं असतं ते जाळण्यासाठी तर खरंच, पण बांधकामासाठीही. ग्लुकोजच्या वाटेवरून एक फाटा डीएनएच्या घटकांना लागणारी शर्करा देतो आणि त्याच फाट्यावर एनएडीपीएच नावाचा रेणू तयार होतो, ज्याच्या जोरावर पेशी आतला ऑक्सिडेशनचा मारा थोपवते. दुसरा फाटा अमिनो आम्लांकडे जातो, तिसरा चरबीकडे. सगळं जाळून टाकलं तर धूर आणि ऊर्जा उरेल, विटा उरणार नाहीत. दुप्पट व्हायला निघालेल्या पेशीला विटा हव्यात.

आणि याच फाट्यांवर, वाढीसाठी उभ्या केलेल्या याच कोठारांवर, औषध आल्यावर बचावाची मदार असते. आता खर्चाची खाती उघडू.

पहिलं खातं उपशाचं. १९७६ साली टोरांटोमध्ये जुलियानो आणि लिंग यांना औषधाला दाद न देणाऱ्या पेशींच्या पडद्यावर एक प्रथिन सापडलं, पी-ग्लायकोप्रोटीन. ते पडद्यात बसून आत शिरलेलं औषध बाहेर फेकतं. डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल, एकमेकांशी नातं नसलेली औषधं हा एकच पंप उपसतो. पण पंप आहे म्हणजे त्याला वीज लागणार. विहिरीत मोटार कितीही चांगली बसवा, लाइट गेली की पाणी तिथेच. या पंपाची वीज म्हणजे एटीपी. औषधाचा एकेक रेणू बाहेर काढायला त्याला एक-दोन मोजावेच लागतात.

दुसरं खातं विष निष्प्रभ करण्याचं. काकूंच्या दोन औषधांपैकी पॅक्लिटॅक्सेल वरच्या पंपानं उपसता येतं. दुसरं प्लॅटिनमचं, त्याची तऱ्हा वेगळी. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा तीन अमिनो आम्लांचा लहानसा रेणू असतो. सिस्प्लॅटिनसारखं औषध डीएनएपर्यंत पोचायच्या आत तो त्याला चिकटू शकतो, आणि ही जोडी मग दुसऱ्या एका पंपातून बाहेर जाते. अनेक केमो औषधं पेशीत ऑक्सिडेशनचा भडका उडवतात. तो विझवण्याच्या कामीही हाच ग्लुटाथायोन येतो. पण विझवताना तो स्वतः वापरला जातो. त्याला पुन्हा कामाला लावायला एनएडीपीएच लागतं, जे मघाच्या फाट्यावर ग्लुकोजपासून बनतं. ज्या पेशीचा तो फाटा वाहता, तिचं हे खातं सहजी रिकामं होत नाही.

तिसरं खातं डागडुजीचं. प्लॅटिनम डीएनएला चिकटून त्याला वाकवतं. पेशीची दुरुस्तीयंत्रणा तेवढा तुकडा कापून काढते आणि जागा नव्या घटकांनी भरते. नवे घटक म्हणजे पुन्हा शर्करा, पुन्हा ग्लुटामिनमधला नायट्रोजन, पुन्हा एटीपी. गवंडी घरचा असला तरी विटा आणि सिमेंट आणावं लागतंच.

शिवाय एक फायदा असाही आहे, ज्यासाठी वेगळा खर्च नाही. बाहेर टाकलेल्या आम्लानं गाठीभोवतालचा भाग किंचित आंबट होतो, तर पेशीच्या आत तसं होत नाही. डॉक्सोरुबिसिनसारखं औषध जातीनं सौम्य अल्कली. आंबट जागी त्याच्यावर विद्युतभार चढतो आणि भार चढलेला रेणू पडदा सहज ओलांडत नाही. औषध दारापर्यंत येतं आणि बाहेरच अडकतं. आपल्या सांडपाण्यानंच पेशीनं स्वतःभोवती कुंपण घातलेलं असतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सगळा प्रतिकार चयापचयातून जन्मत नाही. जनुकं बदलतात, औषध ज्या प्रथिनाला चिकटायचं त्याचा आकार बदलतो किंवा त्याच्या प्रती वाढतात, मरणाचा आतला हुकूम दाबला जातो. पण जनुकानं पंपाचा आराखडा दिला तरी तो चालवायचा खर्च जनुक देत नाही. आराखडा कुठूनही येवो, बिल चयापचयाच्याच नावानं फाटतं.

आता याहून अवघड भाग. काही पेशी खर्च वाढवून टिकतात, तर काही खर्च कमी करून. केमोची बरीचशी औषधं विभागणाऱ्या पेशींना गाठतात. जी पेशी विभागणी थांबवून गप्प बसते, ती त्यांच्या नजरेतून सुटते. अशा पेशी अनेकदा आंबवण्याची वाट सोडून मायटोकॉन्ड्रियाकडे वळतात, चरबी जाळतात, थोडक्यात भागवतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये हे दाखवलं: सायटाराबिन दिल्यावर मागे उरलेल्या पेशींची मायटोकॉन्ड्रियाची भट्टी जोरात चालू होती. ज्या भट्टीला वारबुर्ग मोडकी समजले, तीच शेवटी उपयोगी पडली.

आपल्याकडेही या उरलेल्या पेशींचा माग काढला गेला आहे, आणि तोही काकूंच्याच आजारात. पुण्याच्या एनसीसीएस या संशोधन संस्थेत शर्मिला बापट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की अंडाशयाच्या गाठीत मूळपेशींच्या स्वभावाच्या पेशी असतात, ज्या पुन्हा गाठ उभी करू शकतात. खारघरला, टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये, प्रीथा रे यांच्या प्रयोगशाळेनं अंडाशयाच्या कॅन्सरपेशींवर सिस्प्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलचा प्रतिकार टप्प्याटप्प्यानं कसा घडत जातो, ते पाहिलं. २०२१ मधल्या त्यांच्या कामात दिसलं की प्रतिकार अंगी भिनत असताना पेशींमध्ये ऑटोफॅजी वाढते. ऑटोफॅजी म्हणजे पेशीनं स्वतःचेच जुने, मोडके भाग पचवून त्यांतून कच्चा माल काढणं. दुष्काळात घरातलं भांडंकुंडं मोडून दिवस काढावेत, तसं. बाहेरून रसद तुटली तरी ही पेशी काही काळ घर विकून खाते.

उसाच्या माणसाला हे नवं नाही. ऊस तुटून गेला, रान मोकळं दिसलं, म्हणून पीक संपलं असं तो कधीच समजत नाही. बुडखे जमिनीत आहेत, मुळं जागेवर आहेत. पाणी दिलं की फूट येते आणि खोडवा उभा राहतो. लागणीपेक्षा तो लवकर तयार होतो, कारण त्याला मुळापासून सुरुवात करावी लागत नाही. काकूंच्या साफ दिसलेल्या तपासणीचा अर्थ रान मोकळं झालं एवढाच होता. कॅन्सर आणि शेत यांत फरक एवढाच की खोडवा आपल्याला हवा असतो.

आणि हे बुडखे एकटेही नसतात. अंडाशयाचा कॅन्सर पोटातल्या चरबीच्या पदराकडे धाव घेतो. तिथल्या चरबीपेशी त्याला इंधन पुरवतात, हे शिकागोच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं. स्वादुपिंडाच्या गाठीत शरीराच्याच रक्षक पेशी असा एक रेणू सोडतात की तो जेमसायटाबिनच्या वाटेत येतो आणि औषध निकामी होतं. पेशीला स्वतःच्या गाठीचे पैसे कमी पडले तर तिला शेजारी उसनं मिळतं.

मग सरळच विचार येतो. सगळा खेळ रसदीचा असेल, तर रसदच का तोडू नये? कुंडलला हा विचार परका नाही. ब्रिटिश राजवटीला समांतर चाललेल्या प्रतिसरकारचं हे केंद्र. ७ जून १९४३ रोजी जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्या साथीदारांनी शेणोलीजवळ ब्रिटिशांच्या पगाराची रोकड नेणारी रेल्वे अडवली. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याजवळ चिमठाण्याला सरकारी खजिना ताब्यात घेतला. सत्ता बंदुकीवर चालते तशी पगारावरही चालते, हे त्यांनी ओळखलं होतं.

कॅन्सरमध्येही हा डाव एके ठिकाणी सुरेख साधला आहे. मुलांमध्ये अधिक आढळणाऱ्या एका रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी ॲस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल स्वतःपुरतं बनवू शकत नाहीत. त्या ते रक्तातून घेतात. ॲस्परॅजिनेझ हे औषध रक्तातलं ॲस्परॅजिनच मोडून टाकतं. निरोगी पेशी आपलं आपण बनवतात, कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतात. तरीही इथेसुद्धा प्रतिकार उठतो तो आपल्या ओळखीच्याच वाटेनं: काही पेशी ॲस्परॅजिन बनवण्याचं बंद पडलेलं खातं पुन्हा उघडतात, तर अस्थिमज्जेतल्या काही पेशी त्यांना ते पुरवतात.

पण एका गोष्टीमुळे हा डाव इतर ठिकाणी सहज साधत नाही. शेणोलीच्या गाडीतला पैसा परक्या सरकारचा होता. त्याच्यावर हात टाकताना गावाची चूल विझत नव्हती. कॅन्सरचा खजिना वेगळा नाही, तो आपलाच आहे. नाणं तेच, भट्टी तीच, पंपसुद्धा तेच. पी-ग्लायकोप्रोटीन आपल्या आतड्यात, यकृतात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत पहारा देत असतं. ते बंद करणारी औषधं केमोबरोबर देऊन पाहिली, तेव्हा विषबाधा वाढली आणि अपेक्षेएवढा गुण आला नाही. ग्लुकोजची वाट अडवणारं २-डीजी आपल्याला कोविडच्या काळात ऐकून माहीत झालं. दिल्लीच्या इन्मास संस्थेनं त्याआधी कितीतरी वर्षं मेंदूच्या गाठींसाठी ते रेडिएशनच्या जोडीनं अभ्यासलं होतं. पण मेंदूही ग्लुकोजवरच चालतो, म्हणून मात्रेला मर्यादा पडते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनकडून मोठी आशा होती. मधुमेह नसलेल्या ३,६४९ स्तनकर्करोगाच्या रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला, आजार परतण्याच्या प्रमाणात फरक पडला नव्हता. पेशीकडे वाटा अनेक आहेत. एक अडवली की ती दुसऱ्या फाट्यावर वळते.

तरी या कामाची दिशा बरोबर आहे, असं मला मनापासून वाटतं. कारण आता प्रश्न नेमका झाला आहे. "कॅन्सर काय खातो?" या प्रश्नातून फारसं हाती लागत नाही. "या औषधासमोर, या क्षणी, ही पेशी कुठल्या खात्यातून खर्च करते आहे, आणि ते खातं आपल्या निरोगी पेशींना तितकं लागत नाही, असं आहे का?" हा प्रश्न विचारला की ॲस्परॅजिनेझसारखं उत्तर सापडण्याची शक्यता असते. वयस्कर रुग्णांच्या एका रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हेनेटोक्लॅक्स आणि ॲझासायटिडिन एकत्र दिली, तेव्हा ती लपून बसलेल्या मूळ पेशींच्या मायटोकॉन्ड्रियाच्या खर्चावर घाव घालतात, हे २०१८ मध्ये दिसलं. म्हणजे बुडख्यापर्यंत पोचता येतं.

आता मुलाच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग. साखर तोडूनही त्या जगल्या कशावर? उत्तर जड आहे, पण ते मी त्याला सांगितलं. रक्तातली साखर चहाच्या कपावर अवलंबून नसते. आपण खाल्लं नाही तर यकृत ग्लुकोज बनवतं, कारण मेंदूला ते लागतंच. आणि त्यासाठी ते कच्चा माल घेतं स्नायूंच्या प्रथिनांतून. गाठीनं टाकलेलं लॅक्टिक आम्लही रक्तातून यकृतात येतं आणि तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्यानं उलगडलेलं हे चक्र. या चक्राचा हिशोब कुणालाही हलवून सोडेल: एका ग्लुकोजमागे गाठ दोन एटीपी मिळवते, आणि तेच ग्लुकोज परत घडवायला यकृत सहा मोजतं. गाठीच्या टिकण्याचं बिल असं आईच्या अंगावर फाटत असतं. तिच्या दंडावरचं मांस कमी होतं ते यातूनही. त्यात आपण तिचं ताट अर्धं केलं, तर उपास गाठीला घडत नाही; तिलाच घडतो. वजन उतरलं की डोस कमी करावा लागतो, पुढे ढकलावा लागतो, आणि ते बुडख्यांच्या पथ्यावर पडतं.

मधुमेह असेल तर साखर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आवरलीच पाहिजे. गोडाचा मारा कुणालाच बरा नाही. पण ज्याची केमो चालू आहे त्याला पोटभर जेवण हवं, डाळ, दूध, अंडी, चालत असेल तर मटणाचा रस्सा हवा. हे लाड म्हणून नाही. औषधानं जे निरोगी उद्ध्वस्त झालं ते परत बांधायला आईच्याही शरीराला विटा लागतात, तिच्याही यकृताला नाणं लागतं. टिकण्याचा खर्च जसा गाठीला आहे, तसा माणसालाही आहे, आणि त्या दोन खात्यांपैकी आपल्या हातात एकच आहे.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग आत जाऊन त्यानं फडताळावरचा डबा खाली काढला आणि आईच्या दुधात चमचाभर साखर घालून ढवळली. काकू म्हणाल्या, "वर्षानं रे." त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला आणि तो पूर्ण संपवला.